उन्हातली नावं

रोहिणी नक्षत्र लागलं की घोटीत राब भाजण्याची शेवटची घाई चालू होते. भाताच्या रोपांसाठी राखलेल्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, वाळकं गवत पसरून पेटवतात. तो धूर सकाळी शिवारात खाली बसून राहतो आणि त्यात भात गिरण्यांच्या कोंड्याची बारीक धूळ मिसळते. ऊन कडक असतं, पण आम्हा इगतपुरी तालुक्यातल्या माणसांना त्याचं फारसं भय वाटत नाही. आमचं वर्ष पावसाचं. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं आणि उन्हाळा त्याच्या तयारीतच जातो. कौलं चाळायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, बांध नीट करायचे. हिरवळ राखावी लागते हे आमच्या गावीही नसतं. जूनमध्ये ती आपली आपण येते आणि ऑक्टोबरपर्यंत जायचं नाव घेत नाही.

म्हणूनच मी खडकीला मे महिन्यात निघाले. पुण्याजवळच्या खडकीत दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांची दफनभूमी आहे. परक्या देशातून आलेल्या, इथेच मेलेल्या माणसांच्या मातीवर भर उन्हाळ्यात गवत हिरवं ठेवतात, ते कोण आणि कसं ठेवतं, हे मला पाहायचं होतं. पावसाळ्यात कुठलीही जागा हिरवी दिसते. मे महिन्यात हिरवी दिसली तर तिथे माणसाचा हात आहे.

आधी देवळाली. पाडळी, अस्वली, लहवित अशी लहान लहान स्टेशनं मागे टाकत गाडी चालली होती. समोरच्या बाकावर ठाकर समाजाची एक म्हातारी करवंदांची पाटी घेऊन बसली होती. पळसाच्या पानाचा द्रोण माझ्या हातात देऊन तिने विचारलं, "कुठं चालली माय?" मी सांगितलं. तिला 'सिमेट्री' कळेना, तेव्हा म्हटलं, लढाईत मेलेल्या गोऱ्या शिपायांना पुरलंय, तिथं. ती थोडा वेळ बाहेर बघत राहिली आणि म्हणाली, "त्यांचंबी कुणी असंल ना. त्यांना कुठं येता येतंय इतक्या लांब. तू जाऊन ये." करवंदांचे पैसे तिने घेतले, पण वर एक मूठ आणखी घातली. ती मूठ माझ्यासाठी होती की त्यांच्यासाठी, हे मी विचारलं नाही.

देवळाली कॅम्प घोटीपासून जवळ, पण चाल वेगळी. लॅम रोडवर मोठी झाडं, आरोग्यधामांचे लांब व्हरांडे, सरळ रस्ते आणि तोफखान्याच्या सरावाचा मधूनच लांबून येणारा धडाका. आमच्या बाजारात माणसं एकमेकांना ओरडून हाक मारतात. इथे बेकरीत खारी घेतानाही लोक हळू बोलतात, रांगेत उभे राहतात. छावणीत दीडशे वर्षं राहिल्यावर शिस्त दुकानदारांच्याही अंगवळणी पडते.

याच छावणीत पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्याआधीही, हिंदुस्थानातली मुदत संपलेले गोरे सोजीर मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाची वाट पाहत पडून राहत. जहाजं थंडीच्या दिवसांत सुटायची. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडाशी संपली, त्याच्या नशिबी इथला अख्खा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा. गोळी न लागताही माणसं गेली. हिवताप, विषमज्वर, पटकी, १९१८ साली आलेली इन्फ्लुएंझाची साथ. देवळालीच्या सरकारी दफनभूमीत ज्यांना पुरलं, त्यांची थडगी कायमची राखणं शक्य नाही असं पुढे ठरलं आणि त्यांची नावं खडकीच्या स्मारकावर कोरली गेली. देह देवळालीत आणि नाव खडकीत, असा हा प्रकार. आमच्याकडेही देह एका ठिकाणी आणि नाव दुसऱ्या ठिकाणी असतंच. घोटीची माणसं अस्थी घेऊन नाशिकला रामकुंडावर जातात, गोदावरीत सोडतात आणि मोकळ्या हातांनी परततात. दहाव्यानंतर गावात त्या माणसाची म्हणून जागा उरत नाही. नाव उरतं ते पितृपक्षात बाप, आजा, पणजा अशा तीन पिढ्यांच्या उच्चारात. चौथी पिढी आली की मागचं नाव गळतं. ही रीत मला लहानपणापासून शहाणपणाची वाटत आली आहे. मेलेल्यांचं ओझं जिवंतांवर फार काळ राहू नये. पण पहिल्या महायुद्धाला आता चार पिढ्या झाल्या, आणि त्यातल्या माणसांची नावं कुणीतरी अजून रोज पुसून स्वच्छ ठेवतं आहे. हेही मला खोटं वाटत नाही.

भगूर, पांढुर्ली करत सिन्नरकडे निघालं की डोळ्यांदेखत पाऊस कमी होत जातो. भाताची खाचरं संपतात, माती फिकट होते, बाभळी सुरू होतात. इगतपुरीच्या जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा पाऊस इथे पडतो. ताटातही फरक दिसतो. सकाळी मी घरून तांदळाची भाकरी आणि खुरासणीची चटणी बांधून घेतली होती. दुपारी सिन्नरच्या अलीकडे एका घरात बाजरीची भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा समोर आला. वाढणाऱ्या वहिनींनी पाण्याचा तांब्या आधी ठेवला, मग ताट. आमच्याकडे ताट आधी येतं.

त्याच गावात मारुतीच्या पाराला टेकून एक वीरगळ उभा होता. शेंदूर इतका चढला होता की खालच्या चौकटीतली लढाई बोटांनी चाचपूनच कळत होती. ढाल, उगारलेला हात, आडवा पडलेला माणूस. मधल्या चौकटीत त्याला अप्सरा घेऊन चाललेल्या, वरच्या चौकटीत तो महादेवाची पूजा करतो आहे, त्याच्याही वर चंद्र आणि सूर्य. चंद्रसूर्य असेतो याची कीर्ती राहील, असं कोरणाऱ्याने दगडाकडून वचन घेतलं. फक्त नाव कोरलं नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. गावाला तेव्हा ते पाठ होतं, म्हणून लिहिण्याची गरज वाटली नसेल. गाव विसरलं, मग तो दगड देव झाला. पोरं त्याला नारळ फोडतात. पाराजवळच्या एका आजोबांना मी विचारलं, हा कोण? ते म्हणाले, "कुणीतरी गाईंसाठी पडलेला आपलाच."

'कुणीतरी आपलाच' हे मी माझ्या आजोळीही ऐकलं आहे. आजोळ साताऱ्याकडचं. तिकडच्या आणि कोकणातल्या अनेक गावांत इंग्रज सरकारने पहिल्या महायुद्धानंतर बसवलेली एक पाटी असते. या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावात प्राण दिलेल्यांचा आकडा ४६ आहे. माझ्या आजोळच्या घरात त्या आकड्यांपैकी एक माणूस होता. आजीच्या तोंडी तो 'बसऱ्याचे आबा' एवढाच होता. बसऱ्याला गेले, परत आले नाहीत. पुण्याची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात उतरली, १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या, कूत-अल-अमाराच्या वेढ्यात त्या अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेल्या, हे सगळं मी पुढे पुस्तकांत वाचलं. आबा त्यांत होते की नाही, हे कुठल्याही पुस्तकात सापडण्यासारखं नाही.

बसऱ्याला मेसोपोटेमियात मेलेल्या, थडगं माहीत नसलेल्या माणसांचं स्मारक आहे. चाळीस हजारांवर माणसांचं. इंग्रज शिपायांची नावं तिथे कोरली आहेत. हिंदी शिपायांपैकी अधिकाऱ्यांची नावं आहेत आणि बाकीच्यांचे पलटणवार आकडे. फ्रान्समध्ये न्यूव-शापेलच्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावं एकेक करून कोरली गेली, साडेचार हजारांहून अधिक. बसऱ्यात मात्र आकडा पुरला. युरोपातून येणारे-जाणारे बघतील तिथे नाव आणि वाळवंटात आकडा, असा तो हिशेब होता. ही स्मारकं उभारणाऱ्या आणि खडकीची दफनभूमीही राखणाऱ्या संस्थेने नेमलेल्या समितीने २०२१ साली हे मान्य केलं. किमान १ लाख १६ हजार माणसांची, मुख्यतः पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन, नावं नोंदली गेली नाहीत किंवा त्यांचं स्मारकच झालं नाही, असं त्या अहवालात आहे. संस्थेने माफी मागितली आणि नावं शोधण्याचं काम हाती घेतलं. मला त्या माफीपेक्षा ते काम महत्त्वाचं वाटतं.

पुढचा रस्ता भराभर मागे पडला. संगमनेर, चंदनापुरीचा घाट, आळेफाट्याचा कडक चहा, नारायणगाव, खेड, आणि चाकणपासून कारखान्यांची रांग.

खडकी पहाटे पाहावी. दारूगोळा कारखान्याच्या पाळीला जाणाऱ्या सायकली आणि दुचाकी, बाजारात तमिळ बोलत इडलीची पातेली उघडणाऱ्या बायका, त्यांच्याशी मराठीत भाव करणारे जवान. छावणीच्या गावात चार मुलखांचे लोक एकमेकांच्या भाषेत कामापुरते शब्द बोलतात आणि हसण्याने उरलेलं भागवतात. आमच्या घोटीत परका माणूस आला की त्याचं गाव, आडनाव, काम सगळं विचारून झाल्यावर चहा येतो. इथे काही न विचारता इडलीवर चटणी पडली. याच खडकीच्या माळावर ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची फौज कंपनीशी लढली. मोरोपंत दीक्षित त्या दिवशी पडले, हे इतिहासात आहे. त्यांच्या मागेपुढे पडलेल्या शिपायांची नावं मला कुठे वाचायला मिळालेली नाहीत.

वॉर सिमेट्री मुळा रोडवर, होळकर पुलाच्या बाजूला. फाटक ओलांडलं आणि पहिली गोष्ट जाणवली ती पायांना. बाहेर रस्ता तापायला लागला होता, इथे गवत ओलं होतं. हरळीचा सरळ, कापलेला गालिचा आणि त्यावर ओळीने शिळा. १,६६८ माणसं. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानातल्या ठिकठिकाणच्या दफनभूम्यांत, जिथे कायमची देखभाल होईल याची खात्री नव्हती, तिथून दुसऱ्या महायुद्धातली थडगी इथे आणली. मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून पहिल्या महायुद्धातल्या ६२९ जणांचे अवशेष जुलै १९६२ मध्ये इथे आणून पुन्हा पुरले. म्हणजे मेल्यावर चाळीसहून अधिक वर्षांनी या माणसांना घाट चढून यावं लागलं, आणि तेही ऐन पावसात. स्मारकाच्या भिंतीवर त्यांच्यासह पहिल्या महायुद्धातली अठराशेंहून अधिक नावं आहेत. देवळालीची माणसं तिथेच भेटली.

माझ्या घरात बायका स्मशानात जात नाहीत. वडील गेले तेव्हा मी उंबऱ्यापर्यंतच गेले होते. पुरुष परत आले, अंघोळी केल्या, कडुनिंबाचं पान चावलं. इथे मी सकाळी सातपासून मेलेल्यांमध्ये बसले होते आणि परत जाऊन अंघोळ करावी असं मला वाटलं नाही. शाळकरी वयाच्या दोन मुली बापाबरोबर आल्या, एका ओळीसमोर उभ्या राहून त्यांनी वयं मोठ्याने वाचली. एकवीस. तेवीस. एकोणीस. धाकटी म्हणाली, "आपल्या दादाएवढा." बापाने तिला गप्प केलं नाही, हे मला बरं वाटलं.

शिळा एकसारख्या आहेत. पलटणीचं चिन्ह, क्रमांक, हुद्दा, नाव, तारीख, वय. या शिळा उभारणारी ती संस्था १९१७ साली स्थापन झाली. अधिकारी असो की शिपाई, दगड सारखाच, आणि श्रीमंताला आपल्या मुलाचा देह घरी नेता येणार नाही, ही तत्त्वं तिने तेव्हा धरली. पुष्कळ आईबापांनी कडाडून विरोध केला होता. ओळख न पटलेल्यांच्या दगडावर काय कोरायचं, ते शब्द रुडयार्ड किपलिंगने सुचवले. मुंबईत जन्मलेल्या या लेखकाचा एकुलता मुलगा १९१५ साली लूसच्या लढाईत गेला आणि बापाच्या हयातीत त्याचा देह सापडला नाही. शिळेच्या तळाशी घरच्यांना एक ओळ कोरून घेता येई. त्या ओळी वाचत मी बराच वेळ घालवला. कुणाच्या आईची, कुणाच्या बायकोची. बहुतेकींनी खडकी पाहिली नसणार. नकाशात बोट ठेवून त्यांनी हे गाव शोधलं असेल.

एका ओळीच्या शेवटी एक माळीकाका उकिडवे बसून खुरप्याने लव्हाळा काढत होते. मी शेजारी बसले तरी हात थांबला नाही.

"याची गाठ राहिली ना ताई, की आठ दिवसांत परत वर. वरून कापून भागत नाही."

मे महिन्यात इतकं हिरवं कसं राहतं, मी विचारलं. ते म्हणाले, पाणी उजाडायच्या आत नाहीतर दिवस कलल्यावर. दुपारी घातलेलं पाणी मातीला मिळत नाही, उन्हालाच मिळतं. उन्हाळ्यात गवत फार खाली कापायचं नाही, थोडं उंच ठेवलं की मुळं सावलीत राहतात. काळी माती असेल तिथे तर दुप्पट लक्ष. ती तापली की भेगाळते, पावसात फुगते, आणि दगड तिरका होतो.

"तिरका झाला की लगेच दिसतो. सगळे सरळ आणि एकच वाकडा. डोळ्याला टोचतो."

शिळांच्या पुढ्यात बुटकी फुलझाडं होती. ती शोभेची असतील असं मला वाटलं होतं. काकांनी एक फांदी बाजूला करून दाखवलं. पावसाचा थेंब उघड्या मातीवर जोरात पडला की चिखल उडतो आणि अक्षरांत बसतो. झाड मध्ये असलं की चिखल उडत नाही. पण झाड उंच वाढू द्यायचं नाही, कारण मग नाव झाकतं. "नाव झाकता कामा नये," ते म्हणाले, आणि कैचीने एक शेंडा उडवला.

बाकी मी जे पाहिलं त्यापेक्षा हे वाक्य मला जास्त पटलं. नाव दगडात कोरलं की काम संपलं, असं आपण समजतो. वीरगळ कोरणाऱ्यानेही चंद्रसूर्यांवर भार टाकला आणि तो निघून गेला. इथे चंद्रसूर्यांवर काही सोपवलेलं नाही. उलट सूर्याशीच रोजचं भांडण आहे. पावसाळ्यात शेवाळ, हिवाळ्यात पानगळ, उन्हाळ्यात पाणी. हे सगळं कुणी केलं नाही तर खडकीचा हा तुकडा किती वर्षांत रान होईल? काका म्हणाले, "किती वर्षं कसली, दोन पावसाळे. गाजर गवतच एका पावसाळ्यात कंबरेएवढं होतं."

पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या १९३ सैनिकांचं स्मारकही इथेच आहे. ब्रह्मदेशच्या लढाईसाठी आफ्रिकी डिव्हिजन्स हिंदुस्थानात आल्या होत्या. रणभूमीपासून लांब, मागच्या छावण्यांत मेलेल्यांची ही नावं. त्यांचं दफन दुसरीकडे आहे, जिथे थडगी टिकवता आली नाहीत. ती नावं वाचताना जीभ अडखळते. मी सावकाश वाचली. आपल्या यशवंत घाडगेंचं नाव इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर आहे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातला हा बावीस वर्षांचा नाईक १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनवर एकटा चालून गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिथला इटालियन माळी ते नाव वाचताना असाच अडखळत असेल. तरी भोवतालचं गवत तो कापतो.

"तुमचं कुणी आहे का इथं?" काकांनी विचारलं. इथे येणाऱ्याला ते हेच विचारत असावेत. मी बसऱ्याच्या आबांचं सांगितलं. नाव माहीत नाही, पलटण माहीत नाही, फक्त आकड्यात आहेत.

"नाव कसं नाही माहीत?" त्यांनी खुरपं खाली ठेवलं. पहिल्यांदाच. "घरात कुणालातरी माहीत असणार. विचारा की. इथं सातासमुद्रापलीकडच्या पोरांची नावं आम्ही चुकू देत नाही आणि तुमच्या घरातलं तुम्हाला माहीत नाही?" त्यात राग नव्हता, काळजी होती. मग त्यांनी विचारलं, घोटीला पाऊस कधी येतो? सात जूनच्या आगेमागे, मी म्हटलं. "आमच्याकडेही तेव्हाच. आला की बघा, पाणी घालायचं काम संपेल आणि काढायचं सुरू होईल."

बाजारात परत येऊन मी साताऱ्याला मामांना फोन लावला. बसऱ्याच्या आबांचं खरं नाव काय होतं? मामा ऐंशीला टेकले आहेत. बराच वेळ त्यांना प्रश्नच कळेना. मग म्हणाले, नाव त्यांना आठवत नाही, पण धाकट्या पातीच्या घरात एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात आबांच्या बायकोच्या पेन्शनीचा कागद होता. त्यांनी लहानपणी पाहिला आहे. त्यावर पलटणीचा शिक्का आणि वर इंग्रजीत नाव होतं. कागद वाळवीने खाल्ला नसेल तर अजून असेल.

मी म्हटलं, पितृपक्षात येते. शस्त्राने गेलेल्यांचं श्राद्ध चतुर्दशीला असतं, त्या दिवशी नाव हाताशी असलेलं बरं.

मामा म्हणाले, "पितृपक्ष कशाला? पाऊस लागायच्या आत ये. त्या घराचं छप्पर गळतंय."